आठ महिने, नवरा-बायकोच्या समुपदेशनाची सोळा सेशन्स आणि एक न झालेली सही

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायचं चाललं होतं. नवरा स्टुलावर उभा, मी खालून सुपारीचं शिपटं त्याच्या हातात देतेय. तेवढ्यात धाकटा दीर सहज म्हणाला, "वहिनी, दिवाळी झाली की सहीला या हां." "कसली सही?" माझ्या तोंडून निघालं आणि अख्खी पडवी गप्प झाली. नवरा आधीच घट्ट बसलेली गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

सासऱ्यांच्या मागे राहिलेल्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडायचं त्याने कबूल केलं होतं. मला न विचारता. मी मूळची सावंतवाडीची. आमच्याकडे सासरच्या जमिनीच्या कागदावर सुनेला कोण विचारतो? पण गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी त्याची, अर्धी तिची, वारशाने आलेलीसुद्धा. लग्नाच्या वेळी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन दोनदा सह्या केल्या, तेव्हा यातलं काही डोक्यात शिरलं नव्हतं. आता शिरलं. माझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नव्हता.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने घरात फक्त कामापुरतं बोलणं. शेवटी ताई म्हणाली, दोघं मिळून कोणाला तरी दाखवा. सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्या घाबरल्याच. "पिशीं जाल्यांत काय तुमी?" (वेडे झालात काय तुम्ही?) मनाचा इलाज म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम बांबोळी. मी समजावलं की बांबोळीचं आयपीएचबी मानसिक आजारांचं इस्पितळ आहे आणि आम्हाला आजार झालेला नाही. त्यांना ते पटलेलं नाही, अजूनही.

शोधायला घेतलं तेव्हा कळलं की 'काउन्सेलर' अशी पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते, आरसीआय नंबर असतो. मी सात ठिकाणी फोन केले आणि प्रत्येकाला शिक्षण विचारलं. दोघांनी सरळ सांगितलं, तिघांनी आढेवेढे घेतले. एका बाईंनी तर विचारलं, "तुम्ही जेवायला जाता तेव्हा आचाऱ्याची डिग्री विचारता का?" तिथे फोन ठेवला. एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. आरसीआय नंबर असला म्हणजे जोडप्यांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण झालेलंच असतं असं नाही. ते वेगळं विचारावं लागतं.

पहिली गाठ पडली पणजीत. क्लिनिक जुन्या सचिवालयापासून चालत जाण्याइतकं. वाटेत आबे फारियाचा पुतळा लागतो, बाईवर हात रोखून संमोहन करणारा. नवरा म्हणाला, "हाका सांगूया, लवकर जाता." (यालाच सांगूया, लवकर होईल.) त्या दोन महिन्यांत आम्ही एकत्र हसलो ते तेवढंच. थेरपिस्ट शिकलेल्या, शांत, वेळ पाळणाऱ्या. अडचण एकच, सगळं इंग्रजीत. आणि इंग्रजीत आम्ही दोघं फार समंजस. त्यांनी विचारलं की मला कसं वाटलं, मी म्हटलं, "आय फेल्ट अ बिट हर्ट." गुडघा खरचटला तरी हर्टच होतो. मला म्हणायचं होतं, मी या घरात कोण, ताटं वाढणारी? नवरा "आय अंडरस्टँड" म्हणत मान हलवायचा आणि मांडवी दिसायच्या आत गाडीत पुन्हा तोंड फिरवायचा. तीन सेशन्सनंतर थांबलो. त्या बाईंची चूक काहीच नव्हती.

मग पुण्याच्या एकजणी ऑनलाइन मिळाल्या. अस्सल मराठी, मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. घरात भिंतीपलीकडे सासूबाई, म्हणून आम्ही गाडी घेऊन फोंड्याबाहेर एका झाडाखाली उभी करायचो आणि डॅशबोर्डवर मोबाइल टेकवायचो. रेंज गेली की मॅडम तोंड उघडं ठेवून गोठायच्या. पण खरी गोची वेगळीच. नवऱ्याचं मराठी शाळेतलं, भजनातलं, पेपरातलं. राग त्याला कोंकणीत येतो. मराठीत तो कीर्तनकारासारखा बोलायला लागला. त्यात मॅडमनी विचारलं, "पण जमीन सासऱ्यांची ना? मग तुमची सही कशाला हवी?" पाऊण तासाच्या सेशनमधला अर्धा तास आम्ही दोघं मिळून त्यांना गोव्याचा कायदा समजावत होतो. त्यात आमचं चांगलं जमलं, हे कबूल करायला हवं. दोनदा बोललो आणि सोडलं.

तिसऱ्या मडगावच्या. डिसेंबरात सुरू केलं, तेच अजून चालू आहे. एम.फिल. झालेल्या, नोंदणी असलेल्या, आणि जोडप्यांच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या. फोनवर मी धीर करून विचारलं, "भांडण अर्धं मराठीत, अर्धं कोंकणीत झालं तर चालेल?" त्या म्हणाल्या, "तसंच होऊ दे."

पहिल्या दिवशी त्यांनी दोघांची आडनावं, गावं, माहेर, मूळ घर सगळं विचारलं. मला वाटलं ही गोव्याची नेहमीची चौकशी. पण त्या म्हणाल्या, कुठे नातं किंवा ओळख निघत असेल तर आत्ताच कळू दे, मग मी तुम्हाला दुसऱ्या कोणाकडे पाठवीन. एवढ्याशा राज्यात हे विचारायचं याआधी कोणाला सुचलं नव्हतं. मग एकदा एकदा दोघांना वेगळं बोलावलं. घरात मारहाण आहे का, कोणाची भीती वाटते का, हे एकट्याला विचारायचं असतं. तसं असेल तर दोघांना एकत्र बसवून बोलायला लावणं धोक्याचं. आणि आधीच बजावलं की एकट्याने सांगितलेलं गुपित मी दुसऱ्यापासून लपवून ठेवणार नाही. नवरा त्या दिवशी जरा विचारात पडलेला दिसला. मीही पडले होते.

तिसऱ्या-चौथ्या सेशनला एकदाचं भांडण पेटलं. मी मराठीत, तो कोंकणीत, दोघं एकाच वेळी. मॅडम थांबवत नव्हत्या, वहीत लिहीत होत्या. मग त्यांनी अमेरिकेतले जॉन गॉटमन यांच्या अभ्यासाविषयी सांगितलं. जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं पाहून त्यांनी चार वाईट सवयी वेगळ्या काढल्या: टीका, तुच्छता, बचाव आणि भिंत होऊन बसणं. नवरा भिंत, हे मला तोंडपाठ होतं. पण मॅडमनी वहीतून माझीच वाक्यं वाचून दाखवली. "मोठा भावाचा कैवारी." "तुला काय कळतंय." आणि त्यात सर्वांत घातक तुच्छता, असंही सांगितलं. मी टिश्यूच्या डब्याकडे बघत बसले.

सगळ्यात उपयोगी पडलं ते वीस मिनिटांचं. भांडणात छाती धडधडायला लागली, नाडी शंभरावर गेली की समोरच्याचं ऐकूच येत नाही, शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. नवरा आधीही उठून जायचाच, पण न सांगता, आणि रात्री उशिरा यायचा. आता अट अशी की "वीस मिणटांनी येतां" म्हणून जायचं आणि खरंच यायचं. पहिल्यांदा तो बावीस मिनिटांनी आला, हातात चार गरम पोळी. पोदेर, म्हणजे पाववाला, वाटेत भेटला म्हणाला. (पुण्याकडच्यांसाठी: ही पोळी म्हणजे कोंड्याचा पाव.) त्या रात्री जमिनीचा विषय पूर्ण अर्धा तास, आवाज न चढवता झाला.

आता तक्रारी. एका सेशनचे अठराशे, पंच्याहत्तर मिनिटांचे. सोळा झाली, म्हणजे अठ्ठावीस हजार आठशे. आमच्या विम्यात ओपीडीच नाही, त्यामुळे सगळे खिशातून. एक दिवस आधी कळवलं नाही तर पूर्ण पैसे घेतात. जुलैच्या पावसात झाड पडून रस्ता अडला तेव्हाही घेतले, याचा मला अजून राग आहे. बाहेरची बसायची जागा दाताच्या दवाखान्याबरोबर सामाईक. तिथे नवऱ्याच्या कंपनीतला एकजण भेटलाच, तेव्हा याने गालाला हात लावला. घरी भरायचे फॉर्म इंग्रजीत. जावेचा विषय निघाला की मॅडम मला फार वेळ बोलू देतात, हे मीच सांगतेय. आणि ऐन रंगात आलं असताना घड्याळ संपतं, पुढे फोंड्यापर्यंत एका गाडीत दोघं. म्हणून आम्हीच नियम केला: बोरीचा पूल ओलांडेपर्यंत सेशनबद्दल अवाक्षर नाही. पुलावर ट्रॅफिक तुंबला की हा नियम फार जड जातो.

पहिली सहा सेशन्स दर आठवड्याला झाली, मग पंधरवड्याला, आता महिन्यातून एकदा. जेवताना मोबाइल बघणं तसंच आहे. तुच्छतेचं म्हणाल तर शब्द गेले, डोळे फिरवणं राहिलंय. पण जूनमध्ये त्याने भावाला फोन केला आणि माझ्यासमोर म्हणाला, "हांवें तिका विचारूंक ना आशिल्लें. म्हजी चूक." दीर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, मी विचारलंही नाही.

पुढचं सेशन चवथीनंतर. माटोळीचं सामान आणायला यंदा आम्ही दोघं फोंड्याच्या बाजारात जाणार आहोत. सही मी अजून केलेली नाही.