बिलावर ‘रेड’ होतं, आकडा नव्हता

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या काटाघरातला हा सर्व्हर. त्यात काटापट्ट्या, शेतकऱ्यांचे चुकारे आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. बिलावर एकच ओळ: ‘१६ टीबी रेड सर्व्हर, ४ डिस्क’. मालकाला रेड म्हणजे इन्कम टॅक्सची, एवढंच ठाऊक. विकणाऱ्यानं समजावलं, “शेटजी, च्यार डिस्का हायेत. एक गेली त तीन राहतीन ना!” ऐन कापसाच्या हंगामात एक गेली. उरलेल्या तीन धडधाकट होत्या, पण त्यांतून एक पावतीसुद्धा निघाली नाही.

रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एक मोठी डिस्क केल्यासारखी मांडणी. ती कशी केली, ते पुढचा आकडा सांगतो. इथलं रेड ० होतं, म्हणून काही निघालं नाही. त्यात फाइलचे तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटतात. तुकडा ६४ केबीचा धरला, तर २५६ केबीचं दिवसाचं रजिस्टर चारही डिस्कवर पसरतं. एक गेली की प्रत्येक मोठ्या फाइलला भोक. म्हणजे चार डिस्कनं धोका कमी होत नाही, जवळपास चौपट होतो. गंमत अशी, की १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवर निबंध लिहिला, त्यात पातळ्या १ ते ५ होत्या. शून्य मागाहून चिकटलं. त्यामुळे विकणारा ‘रेडच दिलं’ म्हणतो ते शब्दशः खोटंही नसतं.

पकडायचं कसं? जागा बघा. ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये लावल्या, तर एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कमधला डेटा परत काढायच्या हिशोबाला जाते, उरते १२ टीबी. रेड ६ किंवा रेड १० असेल तर ८. विंडोज १०२४ च्या हिशोबानं मोजतं, म्हणून तिथे अनुक्रमे १०.९ आणि ७.२७ दिसेल. इथं दिसत होतं १४.५५, म्हणजे पूर्ण १६ टीबी. पूर्ण जागा दिसली की समजायचं, राखण काहीच नाही. जेबीओडीचं तेच, ते नुसतं डिस्कांचं गाठोडं.

पैसे देण्याआधी, डेटा भरण्याआधी, मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढायला लावा आणि चालू करा. ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क कमी आहे) असा इशारा येऊन व्हॉल्यूम, म्हणजे डिस्क मिळून झालेली साठवणीची जागा, उघडलं पाहिजे. मग तीच डिस्क परत जोडून रिबिल्ड, म्हणजे तिच्यावर डेटा पुन्हा भरणं, पूर्ण होईपर्यंत विकणाऱ्याला बसवून ठेवा. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, तेव्हा चहा दोनदा सांगावा लागेल.

डिस्क जुन्याही असतात. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क किती तास चालली, ते बघा. ८,७६० तास म्हणजे अखंड एक वर्ष. पण हा आकडा शून्य करता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, ते सीगेट डिस्कच्या आतल्या फार्म लॉगमुळे, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या वापराच्या वेगळ्या नोंदीमुळे. स्मार्टसीटीएल ज्या स्मार्टमॉनटूल्स संचात येतं, त्याच्या ७.४ आवृत्तीपासून ‘-l farm’ देऊन तो वाचता येतो. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर डिस्क परत करा.

जिनिंगमध्ये रुईचे तंतू पंख्याच्या जाळीवर गादीसारखे बसतात. मे महिन्यात डिस्क ६० अंशांकडे जायला वेळ लागत नाही. जाळी दर आठवड्याला झाडा. लाइट जाते तिथे यूपीएस हवाच. आणि रेड ६ असलं तरी चुकून पुसलेली फाइल ते परत देत नाही. रोजची प्रत वेगळ्या डिस्कवर, तीही काटाघराबाहेर.

इथं खरं वाटोळं नंतर झालं. दुकानातला पोरगा आला, नवी डिस्क घातली आणि नवा अ‍ॅरे (डिस्कांची नवी जोडणी) तयार करून फॉरमॅट मारला. मेलेल्या डिस्कमधून काही निघण्याची जी आशा होती, तीही तिथंच संपली. डिस्क गेली तर आधी मशीन बंद करा, डिस्कांवर मार्करनं १ ते ४ क्रम लिहा, डिस्क नव्यानं मांडणाऱ्या ‘इनिशिअलाइझ’ला हात लावू नका.

धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगात सहसा टिकत नाही. भांडायला हाती फक्त बिल उरतं. त्यावर हे लिहून घ्या: ‘रेड ५, ४ टीबीच्या ४ नव्या डिस्क, वापराची जागा १२ टीबी’, आणि खाली चारही डिस्कांचे सीरियल नंबर.