गाडीतील विद्युत बिघाड घरी शोधण्यासाठी टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर की स्कॅनर?

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ घेत नाही, पुढचा एकच दिवा मंद जळतो किंवा डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा विझतच नाही, अशा तक्रारीचे मूळ घरीच शोधायचे ठरवल्यावर आधी उपकरण निवडावे लागते. टेस्ट लॅम्प, डिजिटल मल्टिमीटर आणि ओबीडी स्कॅनर यांतले एक घेतले की उरलेल्या दोहोंची गरज संपते, असे गृहीत धरूनच बहुतेकदा निवड होते. प्रत्यक्षात तिघांची कामे वेगळी आहेत. एखाद्या जागी दिवा पेटवण्याइतका प्रवाह पोहोचतो का, हे टेस्ट लॅम्प दाखवतो; तेथील व्होल्टेज नेमके किती, हे मल्टिमीटर सांगतो; आणि गाडीतील संगणकाला काय खटकले, हे स्कॅनर वाचून दाखवतो.

यांपैकी स्कॅनरकडून सर्वाधिक अपेक्षा ठेवल्या जातात आणि निराशाही त्याच्याच बाबतीत अधिक होते. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला तो जोडला आणि संगणकाने नोंदवलेला ‘पी०५६२’ हा दोषाचा कोड आला, तर त्याचा अर्थ यंत्रणेचे व्होल्टेज कमी आहे एवढाच होतो. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दुबळा झाला आहे, त्याचा पट्टा घसरतो आहे, की बॅटरीच्या टोकावर गंज चढला आहे, हे त्या कोडमधून कळत नाही. कोडमध्ये एखाद्या सेन्सरचे नाव दिसले म्हणून तो सेन्सरच बदलून टाकणे ही या उपकरणाने लावलेली सर्वांत महाग सवय आहे, कारण दोष पुष्कळदा सेन्सरकडे जाणाऱ्या वायरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये असतो. शिवाय स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनापुरतेच कोड वाचतात. एबीएस, एअरबॅग किंवा दारे-दिवे सांभाळणारे कंट्रोल युनिट त्यांच्या आवाक्याबाहेर राहते. तरीही पिवळा दिवा लागलेला असेल, किंवा कंट्रोल युनिटांचा आपसांतील संपर्क तुटला असेल, तर स्कॅनरशिवाय सुरुवात करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

मल्टिमीटरचा उपयोग याहून खूप व्यापक आहे. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास दिसले तर निम्मी उतरली आहे आणि १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करूनच पुढील तपासणी करावी. इंजिन चालू असताना साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित असतात. मात्र अल्टरनेटरवर संगणकाचे नियंत्रण असलेल्या नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खाली-वर केला जातो, त्यामुळे एका वाचनावरून निष्कर्ष काढू नये. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर संशय प्रथम बॅटरीवर घ्यावा.

हाच मल्टिमीटर एका ठिकाणी मात्र फसवतो. त्याचा अंतर्गत रोध सहसा १० मेगाओहम असल्याने तो वायरमधून जवळजवळ प्रवाहच घेत नाही. परिणामी गंजून रोध खूप वाढलेल्या वायरच्या टोकालाही तो १२ व्होल्ट दाखवतो आणि वायर निर्दोष असल्याचा समज होतो. ५ वॅटचा बल्ब असलेला टेस्ट लॅम्प सुमारे ०.४ अँपिअर ओढतो, त्यामुळे तेथे तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. ओहम मोजूनही ही उणीव भरून निघत नाही: सेल्फच्या जाड केबलमध्ये ०.०५ ओहमचा रोध साध्या मीटरवर धड कळतही नाही, पण १५० अँपिअर वाहू लागताच तेथे ७.५ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून दिवा किंवा मोटर चालू ठेवून व्होल्टेजची घट मोजावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे मंद दिव्याच्या अर्थच्या (ग्राउंडच्या) पिनवर ठेवावे, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थचा जोड खराब आहे. जोडाजोडाने पुढे सरकत गेल्यास नेमका कोणता जोड दोषी हेही कळते, आणि ते केवळ टेस्ट लॅम्पने साधत नाही.

प्रवाह ओढण्याचा हा गुणच टेस्ट लॅम्पचा धोकाही आहे. ईसीयू (इंजिनाचे कंट्रोल युनिट) आणि सेन्सरच्या वायरींवर तो लावल्यास नाजूक सर्किट जळू शकते. एलईडीचा टेस्टर अधिक सुरक्षित असतो, परंतु तो प्रवाह इतका कमी घेतो की मल्टिमीटरसारखाच गंजलेल्या वायरला फसतो.

रात्रीत बॅटरी उतरण्याच्या तक्रारीत टेस्ट लॅम्प फारसा कामाचा नाही. गाडी बंद करून कंट्रोल युनिटे झोपी जाण्यासाठी अर्धा-पाऊण तास थांबल्यानंतर ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्यतः चालण्याजोगा मानला जातो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या दराने सुमारे ३७ दिवसांत रिकामी होईल. गळती ५०० मिलिअँपिअर असेल तर चार दिवसही पुरणार नाहीत. मल्टिमीटर बॅटरीच्या मार्गात जोडून हे मोजता येते, पण तो जोडलेला असताना सेल्फ मारल्यास मीटरचा फ्यूज उडतो, आणि शोधासाठी गाडीचे फ्यूज एकेक काढत बसल्यास झोपलेली युनिटे पुन्हा जागी होऊ शकतात. त्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या ठिपक्यांमधले मिलिव्होल्ट मोजावेत; जेथे आकडा दिसेल, त्या फ्यूजमधून प्रवाह वाहतो आहे. हीच तक्रार वारंवार येत असेल, तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर, घेणे योग्य. केवळ एसी मोजणारा येथे निरुपयोगी आहे. सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेला स्कॅनर स्वतःच गळतीचे कारण असू शकतो, हे आधी तपासावे.

एकच उपकरण घ्यायचे असेल, तर माझी पसंती १० अँपिअरच्या फ्यूजयुक्त मार्गाच्या आणि मिलिव्होल्ट दाखवणाऱ्या मल्टिमीटरला आहे. ५ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प घरीच तयार होतो, म्हणून त्यावर वेगळा खर्च नको. स्कॅनर तिसरा, मात्र पिवळा दिवा हीच एकमेव तक्रार असेल तर पहिला. एअरबॅगचे कनेक्टर, जे बहुधा पिवळे असतात, आणि हायब्रिड किंवा विद्युत गाड्यांच्या नारिंगी केबली यांना यांपैकी कोणतेही उपकरण घरी लावू नये.