एच-१३ चे दोन इन्सर्ट, दोन्ही ४६ एचआरसी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वागळे इस्टेटमध्ये आमची छोटी टूलरूम आहे. ॲल्युमिनियम प्रेशर डायकास्टिंगच्या डाया, म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने भरायचे स्टीलचे साचे, बनवतो, आणि शेजारच्या गाळ्यात आमचंच मशीन असल्यामुळे त्या कशा चालतात तेही रोज डोळ्यांसमोर असतं. एकाच पार्टसाठी आम्ही पाठोपाठ एच-१३ स्टीलचे दोन कॅव्हिटी इन्सर्ट (डायमध्ये बसणारे, पार्टचा आकार कोरलेले ठोकळे) केले. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणलेल्या एकाच ब्लॉकमधून दोन्ही कापले, आणि हार्डनिंगनंतर (तापवून, थंड करून कडक केल्यावर) दोन्ही ४६ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) भरले. पहिला १४ हजार शॉटला (एक शॉट म्हणजे एकदा ओतकाम) कोपऱ्यातून तडकला. दुसऱ्याने आठ महिन्यांत ६२ हजार शॉट केले आणि अजून मशीनवर आहे.

स्टीलबद्दल माझी तक्रार नाही. एच-१३, १.२३४४, एसकेडी ६१ ही व्यवहारात एकाच जातीची नावं. कार्बन साधारण ०.४ टक्के, क्रोमियम ५, मॉलिब्डेनम सव्वा-दीड, व्हॅनेडियम १ च्या आसपास. ॲनील केलेला (तापवून मऊ केलेला) माल व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, लोण्यासारखा नाही, पण त्रास न देता कापला जातो. याची खरी किंमत टेम्परिंगमध्ये, म्हणजे कडक केलेला जॉब चिवट करायला कमी तापमानावर पुन्हा तापवताना, कळते. मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमचे अतिसूक्ष्म कार्बाइड (कार्बनशी झालेली कडक संयुगं) तेव्हा तयार होतात, म्हणून साधं स्टील जिथे मऊ पडतं तिथे हे ताठ राहतं.

मग पहिला इन्सर्ट का गेला? ठाण्यातल्याच एका हार्डनिंगवाल्याकडे दिला होता. त्याने विचारलं, "साहेब, कितीला पाहिजे?" मी म्हटलं, "४६." संवाद एवढाच. जॉब आला, हार्डनेस बरोबर, मी पैसे दिले. चूक माझीही होती, कारण मी फक्त एक आकडा मागितला आणि तो मला मिळाला.

तडकलेला तुकडा लॅबमध्ये कापून मायक्रोस्कोपखाली पाहिला तेव्हा स्टीलच्या दाण्यांच्या कडांना कार्बाइडची माळ दिसली. १०२० अंशांवरून जॉब खाली आणताना वेळ लागला की असं होतं. एच-१३ हवेतसुद्धा कडक होतं, त्यामुळे सावकाश थंड केलं तरी हार्डनेस मिळतो. पण कार्बाइड कडांवर बसतात, बेनाइट (सावकाश थंड होताना बनणारी स्टीलची रचना) वाढतो आणि चिवटपणा जातो. हार्डनेस टेस्टरला यातलं काही दिसत नाही. मी वीस वर्षं या धंद्यात आहे आणि हे नीट उमजायला एक डाय फुटावी लागली, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा इन्सर्ट रबाळेला व्हॅक्यूम फर्नेसमध्ये (हवा काढलेल्या भट्टीत) केला. खर्च किलोमागे जवळपास दुप्पट आला. यावेळी कागदावर लिहून दिलं: ६५० आणि ८५० ला थांबून आतपर्यंत ताप पोचू द्यायचा, मग १०२० ला सोक (त्याच तापमानावर थांबणं), मग दाबाच्या नायट्रोजनने जोरात थंड करायचं. जॉब हाताला सोसवेल इतका कोमट झाला की लगेच टेम्परिंगला घ्यायचा, रात्रभर ठेवायचा नाही. टेम्परिंग तीन वेळा, ६०० च्या आसपास, आणि प्रत्येक वेळी जॉब पूर्ण थंड होऊ द्यायचा. पहिल्या टेम्परिंगमधून थंड होताना उरलेल्या ऑस्टेनाइटचं (तापलेल्या स्टीलच्या, अजून कडक न झालेल्या रचनेचं) नवं, ठिसूळ मार्टेन्साइट (कडक रचना) बनतं. ते दुसऱ्या फेरीशिवाय निवत नाही. ५०० च्या आसपास टेम्पर केलं तर हार्डनेस सर्वांत जास्त मिळतो, पण चिवटपणा तिथेच सर्वांत कमी. डायकास्टिंगला तो मोह नको.

दोन बदल मी माझ्याकडेही केले, म्हणून सगळं श्रेय फर्नेसला देत नाही. कोपऱ्याची त्रिज्या ०.५ ची २ मिमी केली. आणि स्पार्क मशीननंतर (ठिणग्यांनी स्टील कोरल्यावर) राहणारा कडक पांढरा थर ऑइलस्टोनने पूर्ण काढून शेवटच्या टेम्परिंगपेक्षा ३० अंश खाली पुन्हा एकदा टेम्पर केलं. त्या थरात सुरुवातीपासूनच बारीक भेगा असतात.

मशीनवर आमचे फोरमनकाका आता बर्नर लावून डाय २०० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय पहिला शॉट मारू देत नाहीत. ६६० अंशांचं ॲल्युमिनियम आत येतं तेव्हा डायचा पृष्ठभाग फुगू पाहतो आणि आतलं थंड स्टील त्याला दाबून धरतं. लगेच स्प्रे पडतो, तोच पृष्ठभाग आकसतो आणि ताणला जातो. प्रत्येक शॉटला हेच. हीट चेकची, म्हणजे तापण्या-गार होण्याने पडणाऱ्या बारीक भेगांची, जाळी यातूनच येते. डाय गार असेल तर ताण कितीतरी वाढतो. सोमवारी सकाळी घाई करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सध्या गेटजवळ (ॲल्युमिनियम आत शिरतं तिथे) रुपयाएवढ्या भागात बारीक जाळी आहे. पार्टवर तिचे ठसे हाताला लागतात, पण पॉलिशिंगमध्ये जातात. ॲल्युमिनियम चिकटण्याचा त्रास ४० हजारांनंतर सुरू झाला. तेव्हा नायट्रायडिंगचा (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक थर देण्याचा) विचार केला होता, पण जाळीवर नायट्रायडिंग केलं तर थर कडांना उडेल असं वाटलं, म्हणून टाळलं. नव्या डायला मात्र सुरुवातीलाच पातळ थर द्यायचा आहे.

दुसऱ्या इन्सर्टचा फर्नेस चार्ट मी जॉबकार्डाला टाचून ठेवलाय. तिसरा इन्सर्ट गेल्या आठवड्यात रबाळेला गेला, सोबत त्याची झेरॉक्स दिली.