एमएफएची ‘फंडेड सीट’ आणि बडोद्यातला एजंट

अमेरिकेत क्रिएटिव्ह रायटिंगचं एमएफए, म्हणजे कथा-कविता लेखनाची पदव्युत्तर पदवी, करायचं ज्यांच्या घरात चाललंय, त्यांनी हे वाचावं. माझ्या भाचीचे एक लाख ऐंशी हजार यात गेले.

बडोद्यात परदेशी पाठवणाऱ्यांची काय कमी? अलकापुरीत एकेका कॉम्प्लेक्सवर तीन-तीन पाट्या. पण बहुतेकांचा धंदा एमएस आणि एमबीएचा. इंजिनिअरिंगच्या पोराला दांडिया बाजारात विचारायला दहा दादा सापडतात. इंग्रजीत एमए करून कथा लिहिणाऱ्या मुलीने कुणाला विचारायचं? एजंटने नेमकं हेच हेरलं. म्हणाला, फुल फंडेड सीट आहे, दोनच उरल्यात, लॉक करायला डिपॉझिट भरा, पहिल्या स्टायपेंडमधून वळतं होईल. ताईने शंका काढली तर, “चिंता ना करो बेन, बधुं थई जशे.” ताईने एफडी मोडली.

यातली लबाडी चटकन कळत नाही, कारण अर्धं खरं असतं. आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे, आणि आज अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत एमएफएच्या मुलांची फी माफ होते, वर स्टायपेंड मिळतो. बदल्यात बहुधा पहिल्या वर्षाच्या पोरांना लेखन शिकवायचं. पण हा पैसा विद्यापीठ तुम्हाला देतं. त्यासाठी कुणा मधल्या माणसाकडे डिपॉझिट भरायची पद्धत नाही.

दिवाळीआधीच ऑफर लेटर हातात आलं. घरात पेढे वाटले! खरं तर तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्गाचे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीपर्यंत घेतात आणि निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात. पत्रात ७२ तासांत पैसे भरा असंही होतं. तिथल्या अनेक विद्यापीठांचा आपसात करार आहे की फंडिंगसह दिलेल्या जागेवर १५ एप्रिलच्या आधी उत्तरासाठी अडवायचं नाही. खाली लोगो झकास, सही झकास, आणि ईमेलचा पत्ता जीमेलचा. पैसे भरायचा यूपीआय आयडी तर चक्क एका माणसाच्या नावाचा.

भाचीला खटकलं ते वेगळंच. या प्रवेशात गुणांपेक्षा लेखनाचा नमुना मोलाचा. कथा असेल तर साधारण पंचवीस-तीस पानं मागतात. एजंटने ‘पॉलिश’ केलेली तिच्या कथेची फाइल तिने हट्टाने मागून घेतली. उत्तरायणाच्या आदल्या रात्री मांडवीत मांजा रंगवणारा तिचा म्हातारा त्यात बर्फाळ गावातला बेकरीवाला झाला होता. नाव मात्र रमणकाकाच! ती आधी हसली, मग रडली. शिफारसपत्रं तिघा प्राध्यापकांच्या नावाने यानेच लिहिलेली, त्यांचे ईमेलही यानेच उघडलेले. असं काही खरंच तिकडे गेलं असतं तर मुलीच्या नावाला कायमचा बट्टा लागला असता. पैशापेक्षा मला त्याचाच जास्त संताप येतो.

तिने विद्यापीठाच्या साइटवरून विभागाचा पत्ता काढून थेट विचारलं. या नावाचा अर्जच नाही, आणि अर्जांची मुदतही अजून संपलेली नाही, असं उत्तर आलं. म्हणजे त्याने अर्ज भरलाच नव्हता.

अर्ज स्वतःच भरायचा असतो, विद्यापीठाच्या पोर्टलवर, आणि अर्जाची फीही तिथेच कार्डाने. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा फॉर्म प्रवेशानंतर विद्यापीठच देतं. त्यावरचा सेव्हिस नंबर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचा नंबर, एन या अक्षराने सुरू होतो आणि पुढे दहा आकडे असतात. त्याची ३५० डॉलर फी अमेरिकन सरकारच्या साइटवर भरायची, एजंटच्या खात्यात नाही.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम बँकेने रोखून धरली, बाकीची तोवर पुढे सरकली होती. एजंट आता पावती पुढे करतो. तिच्यावर डिपॉझिट हा शब्दच नाही, ‘काउन्सेलिंग चार्जेस, नॉन-रिफंडेबल’ एवढंच छापलंय. ग्राहक आयोगात आमची सगळी मदार त्याच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर आहे, कारण ‘सीट लॉक’ आणि ‘डिपॉझिट’ त्याने तिथे स्वतः लिहिलंय. तुमच्याकडेही असं चॅट असेल तर रागाच्या भरात डिलीट करू नका. एक्स्पोर्ट करून दुसऱ्या कुणाच्या तरी ईमेलवर पाठवून ठेवा.