गुगल फॉर्मचं ‘एकदाच उत्तर’ बटण: कौलाला चांगलं, नोंदणीला बेभरवशाचं

मंडळाची रांगोळी स्पर्धा असो, विश्रामबागेतल्या सोसायटीचा रंगाचा कौल असो की तासगावात द्राक्ष बागायतदारांच्या कार्यशाळेची नोंदणी, सांगली भागात बरंचसं काम गुगल फॉर्मवरच उरकतं. फुकट आहे, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक टाकली की झालं. मग एकाच माणसाच्या तीन-तीन नोंदी यायला लागतात. त्यावर फॉर्ममध्येच उपाय आहे: सेटिंग्ज, त्यात रिस्पॉन्सेस, त्यात ‘लिमिट टू १ रिस्पॉन्स’.

हे बटण माणूस मोजत नाही, गुगल अकाउंट मोजतं. सगळी मेख इथंच आहे. दोन जीमेल असलेला गडी दोनदा भरून मोकळा होतो. उलट घरात एकच स्मार्टफोन आणि त्यात थोरल्याचं जीमेल असेल, तर थोरल्यानं नाव नोंदवल्यावर धाकटीला त्याच फोनवर ‘आधीच भरलंय’ असा निरोप येतो. शिवाय लॉगिन सक्तीचं होतं. पासवर्ड विसरलेले काका-मावशी तिथूनच मागं फिरतात आणि आपल्याला ते कळतही नाही. शाळेतले पालक, बचत गट, पूरग्रस्तांची मदत-नोंदणी अशा ठिकाणी हे बटण बंदच ठेवावं. मदत कुटुंबामागं द्यायची असते, तेव्हा अकाउंट मोजून करायचं काय? तिथं रेशनकार्डाचा क्रमांक विचारलेला बरा.

कौलासाठी मात्र सोय खरंच चांगली. ‘कलेक्ट ईमेल ॲड्रेसेस’ बंद ठेवून हे बटण चालू केलं, तर अकाउंटमागं एकच मत पडतं आणि कुणी काय मत दिलं ते फॉर्म बनवणाऱ्याला दिसत नाही. लोक लॉगिनचा पडदा बघून बिचकतात, म्हणून फॉर्मच्या वर्णनात हे आधीच लिहावं. बटण पहिल्यापासूनच चालू हवं. मध्येच चालू केलं, तर आधी लॉगिन न करता भरलेल्यांना पुन्हा भरता येतं.

सोबत ‘अलाऊ रिस्पॉन्स एडिटिंग’ चालू ठेवा. चुकलेल्याला मग दुसरा फॉर्म भरायची गरजच उरत नाही. उत्तरं जिथं जमा होतात त्या गुगल शीटमध्ये नवी ओळ न येता जुन्याच ओळीत बदल होतो. फक्त कौल असेल तर हे बंद ठेवा, नाहीतर निकालाचा कल बघून मतं फिरतात. भरणाऱ्यांना निकालाचा गोषवारा दाखवणारं ‘व्ह्यू रिझल्ट्स समरी’ही त्याच कारणानं बंद.

नोंदणीसाठी आमची शिफारस: बटण बंद आणि मोबाईल नंबर सक्तीचा. त्या प्रश्नाच्या ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’मध्ये ‘नंबर’, ‘बिटवीन’ निवडून ६००००००००० ते ९९९९९९९९९९ ही मर्यादा घाला, म्हणजे अर्धवट नंबर आत येत नाही. नंबर दुबार आहे का, हे मात्र फॉर्म स्वतःहून तपासत नाही. मोठी उणीव आहे ही. ते शीटमध्ये करावं लागतं: मोबाईलचा अख्खा कॉलम निवडून ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये काउंटइफचं, म्हणजे एखादा नंबर कितीदा आलाय ते मोजणारं, सूत्र द्या, दुबार नंबर रंगतात. हेच सूत्र शेजारच्या कॉलममध्ये खाली ओढून ठेवलं तर फसतं, कारण प्रत्येक नवं उत्तर नवी ओळ घुसवतं आणि तिथं सूत्र नसतं. नावावरून दुबार शोधायच्या भानगडीत पडू नका. ‘पाटील एस. आर.’ आणि ‘सुरेश पाटील’ एकच, हे शीटला कसं कळावं? एका नंबरवर भावंडं येणार असतील, तर नंबर आणि जन्मतारीख मिळून तपासा.

काही पैशाच्या फॉर्मसेवा कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) किंवा आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दुसऱ्यांदा भरणाऱ्याला अडवतात. कुकी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीत निष्प्रभ होते. आयपीवर अडवलं, तर कॉलेजच्या एका वायफायवरच्या अख्ख्या वर्गातून पहिल्याचाच फॉर्म जातो. त्यासाठी पैसे मोजू नयेत.

कौलासाठी पाचपैकी चार, नोंदणीसाठी दोन. आणि दुबार नोंदीतली पहिली धरणार की शेवटची, हे लिंक पाठवण्याआधीच फॉर्मच्या माथ्यावर लिहा. नंतर ठरवलं की ग्रुपवर वाद ठरलेला.