कॉमिक्स वाचक मंडळ: आत जाण्याआधी नियमांचा कागद वाचा

कॉमिक्स वाचणाऱ्यांची मंडळं मी जी पाहिली ती दोन तऱ्हेची. एकात चार जुनेजाणते बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. दुसऱ्यात सगळेच एकदम बोलतात आणि शेवटी ‘हा जास्त ताकदवान की तो’ यावर गाडी अडते. मी सध्या ज्या मंडळाची सभासद आहे ते या दोन्हींत बसत नाही. त्याचं बरंचसं श्रेय त्यांच्या दोन पानी नियमांना आणि ते राबवणाऱ्या संयोजकबाईंना आहे, म्हणून हे परीक्षणही मुख्यतः त्या दोन पानांचंच. मंडळाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

माझा धंदा पुस्तकबांधणीचा. फाटकी, उसवलेली, पाठीचा कणा मोडलेली पुस्तकं दिवसभर हाताखालून जातात. त्यामुळे मंडळात गेल्यावर लोक काय बोलतात याआधी ते अंक कसा धरतात याकडे लक्ष गेलं, आणि इथे पहिल्यांदा बरं वाटलं. हात धुऊन कोरडे केल्याशिवाय दुसऱ्याच्या अंकाला हात लावायचा नाही, हा पहिलाच नियम. हातमोज्यांची सक्ती नाही, आणि ते अगदी बरोबर आहे. कापडी मोज्यात बोटांना पानाची जाडी कळत नाही, आणि नेमका कोपराच दुमडतो.

दुसरा नियम असा, की अंक टेबलावर सपाट ठेवून वाचायचा. कव्हर मागे मुडपून एका हातात धरायचा नाही. हे कुणाला सोवळंओवळं वाटेल. पण साधा अंक म्हणजे मधोमध दुमडलेले कागद आणि कण्यात ठोकलेल्या दोन पिना, बस्स. कव्हर मागे मुडपलं की सगळा ताण त्या दोन पिनांपाशी गोळा होतो. छपाईचा थर तडकतो आणि कण्यावर बारीक पांढऱ्या आडव्या रेघा उठतात. गडद रंगाच्या कव्हरवर त्या हातभर अंतरावरून दिसतात. असंच चालू राहिलं की पिनेच्या भोकापाशी कागद फाटतो आणि सगळ्यात मधला जोडकागद सुटून हातात येतो. जुने अंक तर वर्तमानपत्राच्या जातीच्या कागदावर छापलेले. त्यातल्या लिग्निनमुळे कागद आधीच पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो. असा अंक गुंडाळी करून धरणाऱ्याला मंडळात थेट सांगतात, ‘खाली ठेवा.’ रागावून नाही, पण लगेच.

अदलाबदलीचा नियम मला सगळ्यात आवडला. अंक देण्याघेण्याचं काम चर्चा संपल्यावरच, वेगळ्या टेबलावर; आणि देणाऱ्यानं दोष आधी सांगायचे, घेणाऱ्यानं शोधायचे नाहीत. मधलं पान सुटलंय, कव्हरवर कुणाचं नाव लिहिलंय, कण्याला चिकटपट्टी आहे, पिना गंजल्यात, जे असेल ते एका चिठ्ठीवर लिहून अंकासोबत ठेवायचं. यात ‘रंग मारलेला’ हा दोष आवर्जून नोंदवला आहे, यावरून नियम लिहिणाऱ्याला या बाजाराची माहिती आहे हे कळतं. काळ्या कव्हरच्या कण्यावर पांढऱ्या रेघा उठल्या की काही लोक त्यांवरून काळा मार्कर फिरवतात. वरून बघितलं तर अंक नवाकोरा वाटतो. ओळखायची सोपी युक्ती सांगते: कव्हर उघडा आणि कण्याची आतली बाजू उजेडात धरा. मार्करची शाई कागदात झिरपते आणि आतून जांभळट किंवा करडे ठिपके दिसतात. छापखान्याची शाई अशी झिरपलेली नसते. अंकांची प्रतवारी करणारी सीजीसी ही कंपनी २००० साली सुरू झाली. ती अंकाला १० पैकी गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते, आणि अशी डागडुजी केलेल्या अंकांना नेहमीच्या निळ्याऐवजी जांभळं लेबल लावते. म्हणजे हा दोष साधा नाही. (डबीबंद अंक वाचता येत नाही. मग तो घ्यायचा कशाला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मंडळात या विषयावर बोलायला बंदी नाही, पण असावी.)

एका बैठकीत एकानं असाच मार्कर मारलेला अंक मांडला होता. बघणाऱ्याच्या ते लक्षात आलं आणि त्याचा आवाज चढायला लागला. संयोजकबाई टेबलापाशी आल्या, अंक उघडून आत बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, “अहो, चिठ्ठीवर ‘कण्याला रंग’ लिहायचं राहिलंय. लिहा ना.” त्यानं लिहिलं. अंक टेबलावर राहिला, तो माणूसही मंडळात राहिला. त्यानं मुद्दाम केलं की त्यालाच कुणी फसवलं होतं, याची चौकशी कुणी केली नाही आणि तिची गरजही नव्हती.

स्पॉयलरचा, म्हणजे न वाचलेल्याला पुढची गोष्ट आधीच न फोडण्याचा, नियमही विचार करून लिहिलेला आहे. बहुतेक ठिकाणी मुदत ठरवतात: इतके दिवस गप्प बसा, मग मोकाट. इथे नव्या अंकाला दोन आठवड्यांची मुदत आहे, पण जुन्या गोष्टींना मुदतच नाही. त्याऐवजी आधी एक प्रश्न विचारायचा: “कुठपर्यंत आलात?” समोरचा जिथपर्यंत आला असेल तिथपर्यंतच बोलायचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या अंकाचं कसलं आलंय गुपित, असं एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं होतं. पण जो आज पहिल्यांदा वाचतोय त्याच्यासाठी तो अंक आजचाच. खुद्द प्रकाशकांनीही हे पाळलंय. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१ वा अंक, १९७३ सालचा. पहिल्या पानावर शीर्षकच छापलेलं नाही. ते थेट शेवटच्या पानावर येतं, कारण शीर्षकातच एका मृत्यूची बातमी आहे. कुणाच्या, ते लिहीत नाही. मंडळानं सवय लावली आहे. कव्हरवरच जे छापलंय त्याला मात्र नियम लागू नाही, आणि यावरून दर काही बैठकांनी वाद होतोच.

श्रेयाचा नियम नव्या लोकांना जाचतो. अंकाबद्दल बोलायला उभं राहिलं की आधी लेखक आणि चित्रकार दोघांचीही नावं घ्यायची. जमल्यास शाईकाम, रंग आणि फुग्यांतली अक्षरं करणाऱ्यांचीही. ‘अमक्याचं कॉमिक’ असं एकाच नावावर खपवायचं नाही. सुरुवातीला हे हजेरी घेतल्यासारखं वाटतं. पण बॅटमॅनचंच बघा. १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात तो पहिल्यांदा आला, आणि कित्येक दशकं निर्माता म्हणून नाव फक्त बॉब केन यांचं छापलं गेलं. ती पहिली गोष्ट लिहिणारे बिल फिंगर १९७४ मध्ये गेले. त्यांना अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडलं. हे एकदा कळलं की नावं घेताना जीभ जड होत नाही. शिवाय याचा एक फायदा मला अनपेक्षित होता. नाव घ्यायचं म्हणून लोक अंकाचं श्रेयपान वाचायला लागले, आणि मग ‘चित्रं छान आहेत’ याच्या पुढे जाऊन शाईची रेघ जाड का, रात्रीच्या प्रसंगात रंगकारानं निळा का टाळला, असं बोलणं सुरू झालं. हे इतर कुठे मी ऐकलेलं नाही.

‘खरा चाहता’ हे दोन शब्द मंडळात उच्चारायचे नाहीत, असा सरळ नियमच आहे. त्याच्या जोडीला: नव्या माणसाची परीक्षा घ्यायची नाही. सिनेमे बघून कॉमिक्सकडे वळलेली एक मुलगी आली होती. तिच्या शेजारच्या गृहस्थांनी सुरू केलं: अमका पहिल्यांदा कोणत्या अंकात आला सांग, तमक्या गटाचे मूळ सभासद किती? तिचा चेहरा उतरला. संयोजकबाई म्हणाल्या, “काका, उत्तर तुम्हाला माहीत आहे ना? मग तुम्हीच सांगा, आम्हालाही कळेल.” काका खुलले, पाच मिनिटं छान बोलले, आणि ती मुलगी वहीत लिहून घ्यायला लागली. नियमाकडे बोटही न दाखवता नियम पाळून घेतला. हे कौशल्य कागदावर उतरत नाही, म्हणून भीतीही वाटते: बाई नसतील त्या दिवशी काय? एकदा बदली संयोजक होते, त्यांनी दर दहा मिनिटांनी कागद वाचून दाखवला. ती बैठक सहन करावी लागली.

‘कोण जिंकेल’ छापाच्या लढतींना वाळूचं घड्याळ लावतात. वाळू संपली की विषय संपला, मग तोंडात अर्धं वाक्य का असेना. याहून जास्त यावर लिहिण्यासारखं नाही.

कॉमिक्सवाल्यांना नियम म्हटलं की अंगावर काटा येतो, त्याला इतिहास आहे. १९५४ साली अमेरिकेत प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड लादून घेतला. शीर्षकात ‘हॉरर’, ‘टेरर’ हे शब्द नकोत, रक्तपिपासू व्हॅम्पायर नकोत, माणसाचा लांडगा होणं नको. १९७१ मध्ये तो जरा सैल झाला, पण त्याचा शिक्का काही कव्हरांवर २०११ पर्यंत टिकला. मंडळाच्या कागदात वाचायला बंदी असलेल्या अंकांची यादी नाही, हे म्हणूनच महत्त्वाचं. कुठलाही अंक आणा. फक्त त्यात अंगावर येणारी हिंसा किंवा तसं काही असेल तर पानं फिरवायला देण्याआधी एका वाक्यात सांगा, ज्याला नको तो पुढे पाठवेल. बंधन वाचणाऱ्याच्या वागण्यावर आहे, गोष्टीवर नाही.

खासगी माहितीचा नियम मात्र काळाबरोबर आलेला. १९६० च्या दशकात अंकांच्या पत्रव्यवहाराच्या पानावर वाचकांचे पूर्ण पत्ते छापून यायचे. त्यावरूनच वाचक एकमेकांना पत्रं लिहायला लागले आणि चाहत्यांचं जग उभं राहिलं. आज इथे कुणाचा फोन नंबर दुसऱ्याला परस्पर दिला तर ताकीद मिळते. मला ते पटतं.

ताकिदीचं गणित असं: पहिल्यांदा बाजूला बोलावून, दुसऱ्यांदा लेखी, तिसऱ्यांदा काही महिने सुट्टी. सभासदांचं मत घेऊन कुणाला काढायचं नाही, हे ठळक अक्षरात छापलंय. कारण विचारलं तेव्हा संयोजकबाईंनी १९८८ ची गोष्ट सांगितली. बॅटमॅनचे अंक काढणाऱ्या डीसी या प्रकाशनानं, बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार रॉबिन, त्यातल्या दुसऱ्या रॉबिननं जगावं की मरावं हे वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं होतं. एका बाजूला ५,३४३ मतं, दुसऱ्या बाजूला ५,२७१. फरक फक्त ७२ चा, आणि त्यातही एकानं कितीही फोन करावेत. “तो निदान कागदावरचा पोरगा होता,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आता तक्रारी. हात धुवा, चिठ्ठी लावा, नावं घ्या, मुदत पाळा: जे डोळ्यांना दिसतं आणि तपासता येतं ते सगळं इथे नीट चालतं. पण शेवटचा नियम आहे ‘सर्वांशी सभ्यतेने वागावे’, आणि तिथे सगळी मोडतोड आहे. एक सभासद आहेत, ते कधीच आवाज चढवत नाहीत, कुणाला नावं ठेवत नाहीत, नियमाची एक ओळ मोडत नाहीत. पण दुसरा बोलत असताना हलकेच हसतात, ‘बरं बरं’ म्हणतात, आणि बोलणाऱ्याचा फुगा फुटतो. मी तक्रार केली. उत्तर मिळालं की नेमका कोणता नियम मोडला ते सांगा. आता ‘बरं बरं’ला कोणतं कलम लावायचं? ‘बोलणाऱ्याचं पुरं होईपर्यंत आवाज नको’ एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. मी तसं सुचवून झालं. कागद अजून तोच आहे.

स्कॅनच्या बाबतीतही अर्धवट काम आहे. बाजारात मिळणाऱ्या अंकांच्या प्रती काढून वाटायच्या नाहीत, हे स्पष्ट. पण जे अंक पुन्हा छापलेच गेले नाहीत त्यांचं काय, यावर कागद गप्प आहे, आणि नेमकी कुजबुज त्यांचीच चालते. ‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा, पण काहीतरी म्हणा.

आणि एक बारीकशी गोष्ट: हा कागद वर्गणी भरल्यावर हातात पडतो. आधी मागितला तर देतात, पण मागावा लागतो. ज्याला घरी एकट्यानं, पलंगावर लोळत, कव्हर मुडपून वाचायला आवडतं, त्यानं तो आधी मागून वाचावा आणि खुशाल घरीच राहावं. ज्याला अंक वाचून झाल्यावर कुणाशी तरी बोलल्याशिवाय झोप येत नाही त्यानं जावं, पहिल्या दोन बैठका मागच्या रांगेत बसून ऐकावं, आणि अदलाबदलीच्या टेबलाकडे जाताना कव्हर आतून बघायला विसरू नये. चिठ्ठी असली तरी.