केबल परत पाठवू नका, आधी गाडीतला रेडिओ काढून बघा

व्हीएजी केकेएल ४०९.१ यूएसबी केबल, म्हणजे फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा या एकाच गटातल्या जुन्या गाड्यांचे बिघाडाचे कोड लॅपटॉपवर वाचायची केबल. किंमत साडेसातशे रुपये, ऑनलाइन मागवली. बेळगावात दोन दुकानांत विचारलं होतं, मिळाली नाही. पाचपैकी चार तारे देतोय. पहिल्या आठवड्यात एकही दिला नसता. परत पाठवायला खोक्यात भरूनही ठेवली होती. दोष केबलचा नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी केए-२२, २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय डिझेल. बाबांनी हौसेनं घेतलेली, आता मी चालवतो. आंबोलीहून परत येताना हीटरचा (डिझेल इंजिन सुरू करताना गरम करणाऱ्या ग्लो प्लगचा) पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा चालू गाडीत लुकलुकला तर इंजिनच्या कंट्रोल युनिटनं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरनं, काहीतरी बिघाड नोंदवलाय असं समजायचं. इंजिन मात्र ठणठणीत, ओढही तशीच. गॅरेजमध्ये स्कॅनिंगचे सातशे सांगितले, तेवढ्यात केबलच येते. शिवाय उद्यमबागेत सीएनसी मशिनांची देखभाल हे माझं रोजचं काम. तिथंही आधी अलार्म नंबर बघायचा, मग पान्याला हात लावायचा, ही सवय लागलीय.

केबल जोडली, चावी ऑन केली, लॅपटॉपवर व्हीसीडीएस-लाइट हे कोड वाचायचं सॉफ्टवेअर उघडून टेस्टचं बटण दाबलं. उत्तर आलं: पोर्ट स्टेटस ओके, इंटरफेस नॉट फाउंड. म्हणजे लॅपटॉपचं पोर्ट ठीक, पण केबल सापडत नाही. चार दिवस रोज रात्री जेवण झालं की अंगणात गाडीत बसायचो आणि हेच वाचून घरात यायचो.

ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला केबल ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, आधी तपासला. या केबलींमध्ये एफटीडीआय कंपनीची चिप असते नाहीतर सीएच३४० नावाची, आणि दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे. माझ्यात सीएच३४० निघाली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव स्पष्ट दिसतं. एफटीडीआय म्हणून नकली चिप गळ्यात मारलेली असली तर जास्त त्रास. २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता. काल चालणारी केबल आज कॉम्प्युटर ओळखेना, अशी कितीतरी जणांची गत झाली. सीएच३४० स्वस्तातली असली तरी निदान तो घोळ नाही. विंडोजनं माझ्या केबलच्या पोर्टला कॉम ७ हा नंबर दिला होता. हे जुन्या वळणाचं सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ च बघतं, म्हणून ३ करून घेतलं. तरी नॉट फाउंड.

मग मल्टिमीटर काढला. गाडीत केबल जिथं लागते त्या सॉकेटची पिन १६ म्हणजे बॅटरीचा प्लस, ४ म्हणजे बॉडीचं अर्थिंग. दोन्हींमध्ये १२.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे फ्यूज शाबूत. केबलला वीज गाडीकडूनही लागते, त्यामुळे फ्यूज उडालेला असला तरी स्क्रीनवर हेच उत्तर येतं.

रविवारी केबल घेऊन निपाणीला मावसभावाकडे गेलो. त्याचीही गाडी त्याच घराण्यातली, जुनी. तिथं पहिल्याच दमात फाउंड! मला आनंद व्हायचा सोडून धस्सच झालं. केबल चांगली, म्हणजे बिघाड माझ्या गाडीत.

सोमवारी कामावरून सुटल्यावर ऑटोनगरमधल्या ओळखीच्या वायरिंगवाल्या मामांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रेडिओ कंपनीचाच हाय की बाहेरचा बसीवलाय?"

बाहेरचा. सात-आठ वर्षांपूर्वी बाबांनी बसवून घेतलेला.

"मग तो काढून बघिटलास काय?"

आता हे नीट वाचा. या जुन्या गाड्यांत लॅपटॉप आणि कंट्रोल युनिट एकाच वायरवर बोलतात, तिला के-लाइन म्हणतात. सॉकेटवर ती पिन ७. कंपनीच्या रेडिओची तपासणीही त्याच वायरवरून होते, म्हणून ती रेडिओच्या मागच्या जोडणीतही आलेली असते. बाहेरच्या रेडिओला तिचा काही उपयोग नाही, आणि बसवणाऱ्याला ती ओळखता आली नाही की तो तिला कुठंतरी जोडून टाकतो. माझ्या गाडीत ती अर्थिंगला जोडली होती. चावी ऑन असताना पिन ७ वर बॅटरीइतकाच व्होल्टेज हवा, मला ०.३ मिळत होता. रेडिओचा सॉकेट ओढला आणि मीटर ११.८ वर गेला. ती वायर सुटी करून टोकावर हीट श्रिंकची इन्शुलेशन नळी चढवली, रेडिओ परत बसवला. गाणी पहिल्यासारखीच वाजतात.

त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये पत्ता ०१, म्हणजे इंजिनचं युनिट, निवडला. केबल पाच बॉडच्या, म्हणजे सेकंदाला पाच बिटांच्या, संथ गतीनं युनिटला हाक मारते, नुसता पत्ता सांगायलाच दोनेक सेकंद जातात. त्या दोन सेकंदांत मी श्वास रोखून बसलो होतो. लागलं! कोड १६९५५, ब्रेक स्विच. पेडल दाबलं की मागचा ब्रेकचा दिवा लावणारा तो हा स्विच.

बायकोला गाडीच्या मागं उभं केलं आणि पेडल दाबत राहिलो. ती म्हणाली, "अहो, तीनदा दाबला तर एकदाच लागतोय की!" म्हणजे इतके दिवस हायवेवर मागच्या ट्रकवाल्याला माझा ब्रेक दिसतच नव्हता, आणि गाडीत मागच्या सीटवर मुलं बसायची. हे लिहितानाही अंगावर काटा येतो. दुसऱ्याच दिवशी नवा स्विच बसवला.

एक तारा कापला तो पत्रकासाठी. खोक्यात इंग्रजीतला एक चतकोर कागद, त्यात ड्रायव्हर कुठला, पोर्ट कुठलं, रेडिओचं काय, यातलं एक अक्षर नाही. ही के-लाइनची केबल आहे, कॅन नावाच्या वेगळ्या वायरिंगवर बोलणाऱ्या नव्या गाड्यांना चालत नाही, हेही विकणाऱ्यानं ठळक छापायला हवं होतं. फोक्सवॅगन-ऑडी गटाची जुनी गाडी असेल तरच घ्या. पिन ६ आणि १४ वर कॅन असलेल्या गाडीसाठी दुसरं इंटरफेस लागतं.

केबल सध्या निपाणीला आहे, मावसभावाच्या एअरबॅगचा दिवा लागलाय.